बार्टलेट नासपती

ताज्या फळासाठी लावल्या जाणाऱ्या नासपतीच्या जातींमध्ये बार्टलेट ही जात विशेष प्रसिद्ध आहे. तिचा उगम अठराव्या शतकात इंग्लंडमधील बर्कशर परगण्यात झाला. तेथे तिला विल्यम्स म्हणतात. अमेरिकेत इनॉक बार्टलेट यांनी तिचा प्रसार केला आणि त्यांचेच नाव तिला मिळाले.

भारतात हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात ही जात लावली जाते. कैंथ या रानटी नासपतीच्या खुंटावर तिची कलमे बांधतात. हिवाळ्यातील पुरेशा थंडीवाचून झाडाला नीट फुलोरा येत नाही. फलधारणा चांगली व्हावी यासाठी त्याच सुमारास फुलणारी दुसऱ्या जातीची झाडे जवळपास असावी लागतात.

बागाइतदाराची खरी कसोटी लागते ती तोडणीच्या वेळी. हे फळ झाडावर पिकू देऊ नये. तसे केल्यास ते आतून बाहेर पिकत जाते. साल चांगली दिसत असतानाच गाभा तपकिरी व मऊ होतो आणि गर रवाळ लागतो. म्हणून फळ पूर्ण वाढलेले, परंतु हिरवे व टणक असतानाच उतरवितात. फळ हळूच आडवे उचलताच देठ फांदीपासून सहज सुटला, तर ते तोडणीस योग्य झाले असे समजावे.

यानंतर आंब्याच्या अढीप्रमाणे येथेही धीर धरावा लागतो. काही काळ शीतगृहात ठेवलेली फळे साधारण २० अंश सेल्सिअस तापमानात एकसारखी पिकतात. साल पिवळी होऊन देठाजवळचा भाग किंचित दबू लागला की फळ खावे. तेव्हाच त्याचा गर रसाळ, मुलायम व सुगंधी असतो.