औषध पातीवर टिकलं तर कामाचं

मैत्रिणींनो, 'अळवावरचं पाणी' आपण बोलताना सहज म्हणतो. कांद्याच्या पातीवर औषधाचं नेमकं तेच होतं. पातीवर मेणासारखा थर असतो, पात उभी असते. फवारलेला थेंब गोल होतो अन् घरंगळून वाफ्यात पडतो. फुलकिडे मात्र पातीच्या बेचक्यात आरामात बसलेले. मग 'दुकानदाराने डुप्लिकेट दिलं' म्हणत आठ दिवसांत दुसरी फवारणी, पुन्हा खर्च. दर वेळी दोष औषधाचाच असतो असं नाही.

घरी करून बघा. पातीवर साध्या पाण्याचा एक थेंब टाका. शेजारी धुण्याची पावडर विरघळवलेल्या पाण्याचा टाका. पहिला मोत्यासारखा उभा राहील, दुसरा पसरेल. तेलकट ताटावर साबणाने होतं, तसंच. दुकानात 'स्टिकर' मिळतो तो हेच काम करतो: औषध पसरवतो, अन् दव-भुरभुर पावसात लगेच धुऊन जाऊ देत नाही. कोबीलाही तो लागतो, तिचंही पान मेणचट.

निंबोळी अर्कात आपण साबण घालतो तो यासाठीच. 5 किलो निंबोळीची भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. 200 ग्रॅम साबणचुरा 1 लिटर पाण्यात वेगळा भिजवा. सकाळी अर्क फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळा, एकूण 100 लिटर करा. हा झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी, संध्याकाळकडे फवारा. पण रासायनिक औषधात घरचा साबण टाकू नका. तिथे स्टिकरच, तोही बाटलीवर लिहिलाय तेवढाच. 'थोडा जास्त घालू' केलं तर पाणी पातीवरून ओघळतं, पातही करपू शकते. आधी औषध पाण्यात नीट मिसळा, स्टिकर शेवटी.

आता आपल्या अंगाचं. जे पानावर पसरतं ते कातडीवरही पसरतं. पंप मारतो घरधनी, पण बादलीत औषध कालवायचं काम बऱ्याच घरी बाईच्याच वाट्याला येतं, तेही उघड्या हाताने! 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. हातमोजे घाला, काठीने ढवळा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई यांनी या कामाला हातच लावू नये. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळ्या बादलीत, मोजे घालून धुवा, अन् ते पाणी विहिरीपासून, नाल्यापासून लांब ओता.