जुन्या ट्रॅक्टरची ओढ का कमी होते? : इंधन व्यवस्थेतील दोषांचे निदान

खरिपाच्या पेरणीस योग्य असा वाफसा काळ्या जमिनीत फार दिवस टिकत नाही. नेमक्या याच वेळी दहा-पंधरा वर्षे वापरलेला ट्रॅक्टर दम सोडतो, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा अनुभव आहे. रिकामा असताना इंजिन सुरळीत चालते. परंतु औजार जमिनीत उतरताच थ्रॉटल पूर्ण ओढूनही फेरे वाढत नाहीत. मग ‘पंप गेला’ असे समजून इंजेक्शन पंप उतरविला जातो. या दुरुस्तीस खर्च पुष्कळ होतो व वाफसा निघून जातो. दोष मात्र कित्येकदा टाकीच्या झाकणात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्येच असतो. यास्तव तपासणी टाकीपासून सुरू करून नोझलपर्यंत क्रमाने न्यावी आणि पंपाकडे सर्वांत शेवटी वळावे.

प्रथम धूर पाहावा

औजार जमिनीत असताना सायलेन्सरमधून निघणारा धूर रोगाची दिशा दाखवितो.

(अ) ओढ कमी व धूरही कमी : इंजिनास पुरेसे डिझेल पोहोचत नाही. दोष टाकी, नळ्या, फिल्टर, फीड पंप किंवा थ्रॉटलच्या दांडीत शोधावा.

(आ) ओढ कमी व धूर काळा : डिझेल पोहोचते, पण नीट जळत नाही. एअर क्लीनर तुंबला असावा, नोझल खराब असावे, अथवा औजाराचा भार ट्रॅक्टरच्या शक्तीबाहेर असावा.

(इ) इंजिन तापल्यावरही पांढरा धूर : डिझेलमध्ये पाणी असणे, पंपाची वेळ चुकणे किंवा कॉम्प्रेशन कमी होणे ही कारणे संभवतात.

(ई) निळसर धूर : इंजिन ऑइल जळत आहे. हा दोष इंधन व्यवस्थेचा नव्हे.

इंजिनाचे फेरे चढतात पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, असे असल्यास चाके जागीच फिरतात काय ते पाहावे. ती फिरत नसतील तर क्लच घसरत आहे असे समजावे.

तपासणीचा क्रम

१. टाकीचे झाकण : झाकणास हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजल्यास, किंवा झाकण हरवल्यावर तोंडास प्लास्टिक घट्ट बांधल्यास, डिझेल खाली उतरते पण त्याची जागा घेण्यास हवा येत नाही. अर्धा-पाऊण तास काम केल्यावर ओढ कमी होणे आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुधारणे, ही याची खूण होय. झाकण सैल करताच ओढ परत आली तर दोष सापडला. छिद्र तारेने मोकळे करावे.

२. गाळाची वाटी : टाकीखालील कॉक बंद करून वाटी काढावी व पाणी आणि गाळ टाकून द्यावा. नंतर कॉक उघडून धार पाहावी. धार बारीक असल्यास कॉक किंवा त्यावरील जाळी तुंबलेली असते.

३. फिल्टर : निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनी फिल्टर बदलावेत. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. दोन फिल्टर असल्यास दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. उघडताना शिरलेली घाण थेट पंपात जाण्याचा धोका असतो.

४. नळीतील हवा : पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातखटका हलवावा. बुडबुडे थांबून अखंड धार येताच, धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर व शेवटी पंप याच रीतीने मोकळा करावा. हवा पुनःपुन्हा शिरत असेल तर टाकी ते फीड पंप या भागातील जोड व वॉशर तपासावेत. हा भाग डिझेल ओढून घेणारा असल्याने तेथे गळती न दिसताही हवा आत जाऊ शकते.

५. थ्रॉटलची दांडी : थ्रॉटल पूर्ण ओढल्यावर पंपावरील खटका शेवटच्या टोकास टेकतो की नाही ते पाहावे. झिजलेल्या सांध्यांमुळे तो अर्ध्यावरच राहतो. पंपावरील सीलबंद स्क्रू मात्र फिरवू नये.

६. एअर क्लीनर : ऑइलचा एअर क्लीनर असल्यास भांड्यातील चिखल काढून खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. धुळीच्या कामात हे वरचेवर करावे.

७. नोझल : इंजिन मंद चालवून प्रत्येक नोझलच्या नळीचा नट एकामागून एक किंचित सैल करावा. ज्या नटामुळे इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये दोष आहे. त्याचे नोझल प्रथम तपासून घ्यावे. ही चाचणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनात ती कदापि करू नये.

सावधगिरी

नोझलमधून डिझेल दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमहून अधिक दाबाने निघते. असा फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. फवाऱ्यापुढे हात धरू नये, डोळ्यांवर चष्मा असावा व जवळपास विडी पेटवू नये.

दोष टाळण्याचे उपाय

पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच असते. डोळ्यांस न दिसणारी धूळही तेथे ओरखडे पाडते. म्हणून पिंपातील डिझेल किमान एक दिवस न हलविता ठेवावे आणि तळापासून काही बोटे वरचेच काढावे. ते बारीक जाळीतून गाळून भरावे. जस्ताचा मुलामा असलेली भांडी साठवणीस वापरू नयेत. काम संपताच सायंकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेची वाफ रात्री थंड होऊन तिचे पाणी डिझेलमध्ये उतरते.

वरील सात गोष्टी पाहूनही ओढ सुधारली नाही, तरच पंप उतरवावा व चाचणीयंत्र असलेल्या कारखान्यातच द्यावा. सोबत धुराचा रंग, ओढ केव्हा कमी होते, फिल्टर केव्हा बदलला आणि कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आढळला, हे कागदावर लिहून द्यावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी पेरणीपूर्वी, उन्हाळ्यातच गावोगावी करून दाखवावी, म्हणजे ऐन वाफशावर ट्रॅक्टर उभा राहण्याची वेळ टळेल.