गारव्याचे कपाट

आता पुष्कळ खेड्यांत फ्रीज आला आहे. कोणी मुलीच्या लग्नात दिला. कोणा मुंबईच्या भावाने जुना झाला म्हणून गावी पाठवला. कोणी दुधाच्या पैशांतून हप्त्याने घेतला. यंत्र घरात आले, पण ते चालते कसे हे सांगणारे कोणी आले नाही. दुकानदार म्हणाला, "बटण दाबा, झालं." माहितीचे पुस्तक पिशवीत घालून माळ्यावर गेले. मग बिल वाढले की आपण म्हणतो, मीटर पळतो. मीटर उगाच पळत नाही. त्याला पळवते कोण, ते या पाठात पाहू.

पुष्कळांना वाटते की फ्रीज थंडी तयार करतो. तसे नाही. थंडी नावाची निराळी वस्तूच नाही. जिथे उष्णता कमी, तिथे आपल्याला गार वाटते, इतकेच. फ्रीज कपाटाच्या आतली उष्णता उपसतो आणि बाहेर, आपल्याच खोलीत, आणून टाकतो. खोटे वाटत असेल तर कपाटाच्या मागे किंवा बाजूच्या पत्र्याजवळ हात धरून पाहा. हाताला जी ऊब लागते, त्यात तुमच्या दुधातली, पाण्यातली, भाजीतली उष्णता आहे.

पाणी आपण होऊन उताराकडे वाहते. उष्णताही आपण होऊन गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. गरम चहा गार होतो. गार चहा ठेवल्या जागी आपण होऊन गरम झालेला कोणी पाहिला आहे काय? विहिरीतले पाणी वर आणायचे तर मोट लागते, बैल लागतात, नाहीतर पंप लागतो. तसेच गार कपाटातली उष्णता गरम खोलीत आणायची तर पंप लागतो. फ्रीजच्या मागे तळाशी एक काळा डबा असतो. तो मधूनमधून घुर्र करतो. तोच हा पंप. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात.

नॉर्वे, स्वीडन यांसारख्या थंड देशांत हेच काम उलट्या बाजूने करून घेतात. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणतात आणि हिवाळ्यात घरे उबदार ठेवतात. त्या यंत्राला तिकडे उष्णतेचा पंप असेच नाव आहे. आपल्याकडे तो पंप कपाटात बसला आहे, एवढाच फरक.

आता हा पंप उष्णता उचलतो कशी? माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिट लावतात, तेव्हा कसे गार लागते! स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता नेते. फ्रीजमध्येही हीच युक्ती आहे. त्याच्या नळ्यांत थोडासा वायू भरलेला असतो. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन नावाचा असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा तो सख्खा भाऊ. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो शून्याखाली सुमारे १२ अंशांवरच उकळतो. म्हणजे जिथे पाणी गोठते, त्याहून गार जागीही हा उकळून वाफ होतो. आतल्या नळीत तो उकळतो आणि कपाटातली उष्णता घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते ना, तशी ही वाफही दाबल्याने तापते. तापलेली वाफ बाहेरच्या नळ्यांत जाते, खोलीच्या हवेला उष्णता देते आणि पुन्हा पातळ होते. मग एका बारीक नळीतून परत आत. असा फेरा दिवसरात्र चालतो.

विहिरीचा दाखला मात्र नीट ध्यानात ठेवा. पैशाची सारी गोष्ट त्यात आहे. पाणी पाच हातांवर असले तर बैल हसत ओढतात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की त्याच मोटेला त्यांची दमछाक होते. फ्रीजची विहीर किती खोल, हे दोन गोष्टींवर ठरते: आत किती गार हवे आणि बाहेर किती गरम आहे. आतला गारवा वाढवला की विहीर खोल झाली. फ्रीज चुलीजवळ नाहीतर पश्चिमेच्या उन्हात ठेवला, की विहीर आणखी खोल झाली. पाणी तितकेच, कष्ट दुप्पट. हे कष्ट बैलांचे नाहीत, विजेचे आहेत, आणि वीज फुकट नाही.

म्हणून फ्रीज सावलीच्या भिंतीला ठेवावा. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी आणि बाजूलाही थोडी मोकळी ठेवावी. मागे जाळी दिसत नसेल तर त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. अशा फ्रीजच्या अंगाला धान्याची पोती टेकवू नयेत. मागे जाळी असेल तर तिच्यावर धूळ, कोळिष्टके आणि फोडणीचा चिकट थर बसतो. ती जाळी म्हणजे फ्रीजचे नाक. नाक चोंदले की जीव घुसमटणारच. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ कुंच्याने ती झाडावी. दिवाळीच्या झाडलोटीत वर्षातून एकदा, हे पुरत नाही.

आतल्या गोल बटणावर आकडे असतात. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा, तितका गारवा जास्त. कित्येक घरी तो कायम शेवटच्या आकड्यावर असतो, जणू काही पैसे दिले ते वसूल करायचे आहेत. खालच्या कप्प्यात ४ ते ५ अंश गारवा दुधाभाजीला पुरे. उन्हाळ्यात मधला आकडा ठेवा, थंडीत त्याहून खालचा.

आमच्या गावचे एक गृहस्थ. चांगले शिकलेले. मे महिन्यात उकाडा असह्य झाला तेव्हा त्यांनी खोलीची दारे-खिडक्या लावल्या, फ्रीजचे दार सताड उघडले आणि समोर चटई टाकून निजले. पहिली पाच मिनिटे बरे वाटले. तासाभराने घामाने भिजून उठले. असे का झाले? फ्रीजने पुढून जी उष्णता घेतली, ती मागून त्याच खोलीत टाकली. शिवाय पंप चालवायला जी वीज खर्ची पडली, तिचीही उष्णताच झाली. म्हणजे खोलीत उष्णतेची भरच पडली. आडातले पाणी शेंदायचे आणि पुन्हा आडातच ओतायचे, असा तो उद्योग.

दाराची गोष्ट इथे पुरती सांगून टाकू. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून एक जहाज नदीतळ्यांवरचा बर्फ भरून कलकत्त्याला निघाले. वाटेला चार महिने लागले. १८० टन बर्फ निघाला होता, त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. तेव्हा कसलेही यंत्र नव्हते. उष्णता आत शिरू नये अशी नीट बांधणी केली होती, एवढ्यावर ते जमले. उष्णता उपसण्यापेक्षा ती आत येऊ न देणे केव्हाही स्वस्त. फ्रीजच्या भिंतींत तशी बांधणी असते. कच्ची जागा एकच, ती म्हणजे दार. दाराच्या कडेला रबराची पट्टी असते. कागदाचा एक तुकडा दारात धरून दार लावा व ओढून पाहा. अडखळत आला तर पट्टी ठीक. सहज सुटून आला तर तिथून उष्णता आत येते आहे. आधी पट्टी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. नुसत्या मळानेही ती सैल बसते. तरी जमले नाही तर बदलून घ्या. आणि घरातली मुले दार उघडून, काय खावे याचा विचार करत उभी राहतात, त्यांना तो विचार आधी करायला सांगा.

तापवलेले दूध भांड्यासकट आत ठेवू नका. परातीत पाणी घेऊन त्यात पातेले ठेवा, निवू द्या, मग आत ठेवा. मात्र निवायला म्हणून दिवसभर बाहेरही ठेवू नका, दूध नासेल. डाळ, कालवण झाकून ठेवा. उघड्या भांड्यातली ओल बर्फाच्या कप्प्यावर जाऊन गोठते. बर्फाचा जाड थर म्हणजे गारव्याला पांघरलेली गोधडी. पंप चालतो, पण उष्णता उचलली जात नाही. थर करंगळीच्या जाडीचा होण्याआधीच बर्फ वितळवण्याचे बटण दाबा, नाहीतर प्लग काढून दार उघडे ठेवा. ज्या फ्रीजमध्ये बर्फ धरतच नाही, त्यांना हे लागत नाही.

हा बर्फ सुरीने, उलथन्याने, विळ्याने खरवडू नका. हे आम्ही कळवळून सांगतो. त्या पातळ पत्र्यातच वायूच्या नळ्या असतात. भोक पडले की फ्रीज बसला. दुरुस्तीही सोपी नसते. आणि तो वायू जळणारा आहे हे वर सांगितलेच. सुरी लागून फुस्स आवाज आला तर काडी ओढू नका, कोणतेही बटण चालू-बंद करू नका, दारे-खिडक्या उघडा आणि माणसांना बाहेर काढा.

प्लगला तीन दांडे असतात. त्यातला जाड दांडा अर्थिंगचा. भिंतीत दोनच भोके आहेत म्हणून तो दांडा कापून टाकणारे महाभाग आहेत. तो दांडा माणसाचा जीव राखण्यासाठी आहे. फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. ती वाट नसेल तर ओल्या हाताने दार उघडणाऱ्या बाईच्या अंगातून जाते. दाराला हात लावता झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मुख्य बटण बंद करा व वायरमनला बोलवा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद दाराआड अन्न चारेक तास गार राहते. वीज येते-जाते अशी असेल तर प्लग काढून ठेवा आणि आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून लावा. नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. दाब असतानाच पंपाला ओढायला लावले तर तो जळण्याचा धोका असतो.

घरात कोणाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन ठेवले असेल तर ते २ ते ८ अंशांत राहावे लागते. ते बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी ते टोचायचे नाही, फेकून द्यायचे. ते मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावे.

आता तुम्हांला आकडे वाचता येतात. त्यांचा उपयोग करा. नव्या फ्रीजवर ताऱ्यांचे चित्र असलेला कागद चिकटवलेला असतो. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेले असते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट. समजा कागदावर १८० आहे. भागिले १२, म्हणजे महिन्याला १५ युनिट. हा आकडा प्रयोगशाळेतला. आपल्या घरी कसे, ते असे पाहा. मीटरचा आकडा वहीत लिहा, आठ दिवसांनी पुन्हा लिहा, वजाबाकी करा. मग जाळी झाडा, बर्फ काढा, आकडा खाली आणा, फ्रीज भिंतीपासून सरकवा. घरातले दुसरे काही बदलू नका. पुन्हा आठ दिवसांनी वजाबाकी करा. दुकानदाराला विचारण्याचे कारण उरणार नाही.

राहिला बाद झालेला फ्रीज. तो अंगणात नाहीतर गोठ्यात पडून असतो. लपाछपीत मूल त्यात शिरते, दार लागते, आत हवा शिरत नाही आणि हाक बाहेर येत नाही. अशी मुले दगावली, म्हणून अमेरिकेत १९५६ साली आतून उघडेल असेच दार असावे असा कायदा करावा लागला. भंगारवाला येईल तेव्हा येईल. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आजच काढा व दार वेगळे ठेवा. स्क्रू गंजले असतील तर कपाटाचे तोंड भिंतीकडे करून ते खांबाला दोरीने घट्ट बांधून टाका.