जुन्या मोटारीचे ब्रेक
(द्वितीय वर्ष, कला)

ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे जुनी मोटार घेणारा माणूस प्रथम रंग पाहतो, मग ती किती किलोमीटर चालली ते विचारतो, मग ॲव्हरेज. "ब्रेक जरा जास्त दाबावा लागतो" असे विकणाऱ्याने सांगितले तर तो नुसती मान डोलावतो. माझ्या वडिलांचे गॅरेज कल्याण-शीळ रस्त्यालगत असल्यामुळे हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिली मोटार येईल ती जुनीच येईल.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईल नळ्यांतून हाच दाब चारही चाकांकडे नेते. तेथे शू ड्रमवर घासतात किंवा पॅड डिस्कला आवळतात. कुर्ल्यात तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ साली गेली. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क व मागे ड्रम असतात.

'ब्रेक कमी लागतो' ही तक्रार एकच असली तरी आजार अनेक असतात, आणि कोणता ते पायाला कळते. पेडल खोल जाऊन दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर बहुधा शू झिजून ड्रमपासून दूर गेलेले असतात. पेडल मऊ लागत असेल तर नळीत हवा शिरली आहे, कारण हवा दबते, द्रव दबत नाही. पाय तसाच धरून ठेवला असता पेडल हळूहळू बुडत जाईल, तर मास्टरचे रबर गेले आहे किंवा कोठेतरी गळती आहे. गाडी एका अंगाला ओढत असेल तर त्या दोन बाजूंतील एक चाक नीट काम करीत नाही. पेडल दगडासारखे घट्ट, तरी गाडी थांबत नाही, अशा वेळी बूस्टर तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे.

यांत सर्वांत फसवा उपाय म्हणजे ऑईलची बाटली. डोंबिवलीचे एक गृहस्थ दर महिन्याला टाकीत ऑईल भरीत आणि ब्रेक 'बरा' झाला असे समजत. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे खरे, पण महिन्याला बाटली संपत नाही. बाबांनी मागचे चाक उतरवले, तेव्हा व्हील सिलिंडर गळून शू ऑईलने चिंब झाले होते. असे शू पुसून चालत नाहीत. सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे शू बदलावे लागले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढू लागते. (आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते.)

ब्रेक ऑईल हवेतील पाणी शोषते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. मुरबाडमार्गे माळशेज घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल, तर ऑईल उकळून वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकावा आणि साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलावे. इंजिन ऑईल मात्र त्या टाकीत कधीही घालू नये, त्याने सगळी रबरे फुगतात.

हवा काढण्याचे काम दोघांचे. शाळेत असल्यापासून पेडलवर मी बसते, चाकाशी बाबा. ते "दाब" म्हणतात, निपल सैल करतात, नळीतून बुडबुडे बाटलीत येतात. निपल पुन्हा आवळल्यावरच "सोड" म्हणतात. पाय आधी उचलला तर तीच हवा परत आत जाते. चाक काढताना केवळ जॅकवर विसंबू नये, गाडीखाली भक्कम टेकू द्यावा.

नवे शू बसविल्यावर काही दिवस ब्रेक थोडा कमीच भासतो. ते ड्रमला नीट बसेपर्यंत गाडी घराजवळच हळू चालवावी, आणि माळशेजचा बेत पुढच्या रविवारावर ढकलावा.