सिस्टिम डिझाइनची मुलाखत : दहावीच्या निकालातून समजून घेऊया



आपल्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा भागातली कितीतरी मुलं आज इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरी शोधत आहेत. कोडिंगचा पेपर ती सोडवतात, पण सिस्टिम डिझाइनच्या फेरीत अडखळतात. कारण सरळ आहे. गाइडमधलं एकच बरोबर उत्तर पाठ करायची आपल्याला सवय असते आणि इथे तसं उत्तरच नसतं. मुलाखत घेणारा पाहतो की तुम्ही विचार कसा करता. आज आपण एक ओळखीचं उदाहरण पायरी पायरीने सोडवू.

प्रश्न : दहावीचा निकाल दाखवणारे संकेतस्थळ तयार करा.

हा प्रश्न कल्पनेतला नाही बरं का. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळे कित्येक तास उघडतच नव्हती. १५ लाखांहून जास्त मुलं आणि त्यांचे पालक मोबाईल घेऊन बसले होते.

पायरी १ : आधी प्रश्न विचारा
लगेच आकृती काढायला घेऊ नका. पहिली पाच मिनिटं फक्त विचारा. निकाल पाहणारे किती? निकाल नंतर बदलतो का? कोणती माहिती भरल्यावर निकाल दिसावा? आपल्याकडे बैठक क्रमांक आणि आईचं नाव भरावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. निकाल एकदा जाहीर झाला की गुणपडताळणीचे थोडे अपवाद सोडले तर तो बदलत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

पायरी २ : अंदाजी गणित
समजा मुलं १५ लाख आणि प्रत्येकाचा निकाल पहिल्या तासात ४ वेळा पाहिला जातो. म्हणजे ६० लाख मागण्या. त्यातल्या निम्म्या पहिल्या १० मिनिटांतच आल्या, तर ३० लाख भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५,००० मागण्या.
आता साठवण. एक निकाल २ किलोबाइटचा धरला तर सगळे मिळून सुमारे ३ जीबी. म्हणजे माहिती थोडी आहे, पण गर्दी प्रचंड आहे. आपली खरी अडचण कोणती, हे या चौथीच्या गणिताने दाखवून दिलं!

पायरी ३ : ढोबळ आकृती
शाळेत पोषण आहार वाढताना एकच रांग असली की गोंधळ होतो. मग गुरुजी मुलांना तीन-चार रांगांत वाटून देतात. हेच काम लोड बॅलन्सर करतो. रांगेच्या टोकाला वाढणारे म्हणजे सर्व्हर.
आता कॅशे. प्रत्येक पालकासाठी कपाटातून रजिस्टर काढण्यापेक्षा मुख्याध्यापक निकालपत्रक भिंतीवर लावतात. डेटाबेस म्हणजे कपाट, कॅशे म्हणजे भिंत. निकाल बदलत नाही आणि ३ जीबी सर्व्हरच्या मेमरीत सहज मावतो, म्हणून १ वाजायच्या आधीच सगळे निकाल तयार करून मेमरीत ठेवायचे. मग डेटाबेसवर ताण येत नाही.

पायरी ४ : अडचण तुम्हीच सांगा
बैठक क्रमांक ओळीने असतात. म्हणून कोणी अंदाजाने दुसऱ्याचा निकाल पाहू नये यासाठी आईचं नाव लागतं. पण कोणी नावंही एकामागून एक टाकून पाहिली तर? तुम्ही म्हणाल, एका इंटरनेट जोडणीवरून दहाच वेळा पाहू द्या. पण थांबा. रिसोडच्या एखाद्या सेवा केंद्रात एकाच जोडणीवर पन्नास मुलांचे निकाल काढले जातात. अकराव्या मुलाचं काय? ज्याच्या घरी मोबाईल नाही तोच अडकेल. म्हणून मर्यादा जोडणीवर न घालता एका बैठक क्रमांकावर चुकलेल्या प्रयत्नांना घालणं बरं. पण मग खोडसाळ माणूस मुद्दाम चुकीची नावं टाकून दुसऱ्याचा क्रमांक अडवू शकतो. तेव्हा काही मिनिटांपुरताच अडवायचा.
प्रत्येक निवडीत काहीतरी मिळतं आणि काहीतरी जातं. ते तोंडाने बोलून दाखवणं, हाच या फेरीचा गाभा.

सराव कसा कराल?
१. रोज एक ओळखीची व्यवस्था घ्या: एसटीचं आरक्षण, यूपीआय, शाळेचं हजेरी ॲप.
२. ४५ मिनिटांचं घड्याळ लावा आणि चारही पायऱ्या कागदावर करा.
३. मित्राला समोर बसवून मोठ्याने समजावून सांगा. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. विचार पक्का असला की साधं इंग्रजीही पुरतं.

स्वाध्याय : निकाल लागताना मुख्य सर्व्हर १ वाजून २ मिनिटांनी बंद पडला, तर तुमची आकृती काय करेल? वहीत लिहा.