सुगीचं काम मुलांच्या हातात दे

पुणे, १० सप्टेंबर

चि. ऋता,

कॅनडात किचनरला मनासारखं घर मिळालं, मुलं शाळेत रुळली, हे वाचून जिवाला बरं वाटलं. आता तुझ्या काळजीबद्दल. मुलांशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देतात, आपलं काही त्यांच्यात उरेल का, असं विचारतेस. याचं उत्तर ज्यांनी जगून दाखवलंय ती माणसं तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहतात. आम्ही वॉटर्लूला होतो तेव्हा त्यांच्याकडे बघूनच मी पुष्कळ शिकले.

एल्मायराच्या रस्त्याला लागलीस की काळ्या घोडागाड्या दिसतील. ते जुन्या वळणाचे मेनोनाइट, एका ख्रिस्ती पंथाचे लोक. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या समजेनं घ्यायचा, हे १५२५ मध्ये झुरिकला ज्यांनी ठरवलं त्यांचे हे वारस. नाव पडलं मेनो सायमन्स या डच धर्मगुरूवरून. शस्त्र हाती धरायचं नाही, हा त्यांचा बाणा. या श्रद्धेपायी त्यांच्या पूर्वजांना जाळलं, बुडवलं, गावोगावहून हाकललं. स्वित्झर्लंडहून ऱ्हाइनकाठी, तिथून पेनसिल्व्हेनियात आणि १८००च्या सुमारास तुझ्या ग्रँड नदीच्या खोऱ्यात ते आले. किचनरमध्ये १८१६ साली बांधलेलं श्नायडर हाउस अजून उभं आहे, मुलांना एकदा दाखव.

एवढ्या स्थलांतरांनंतरही घरात पेनसिल्व्हेनियाची जर्मन बोली टिकली. माझं मत विचारशील तर ती टिकली कामामुळे.

ऍपल बटरचंच बघ. नावात बटर असलं तरी त्यात लोणी अजिबात नसतं. जुन्या पद्धतीत आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमून सफरचंदं सोलायची, फोडी करायच्या. सकाळी अंगणात चुलाण पेटवून तांब्याचं मोठं भांडं चढवायचं, सफरचंदाचा ताजा रस आटवायचा, मग त्यात फोडी सोडायच्या आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानं दिवसभर हलवत राहायचं. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीसारखंच, हात थांबला की तळाला लागतं. संध्याकाळी दालचिनीच्या वासाचा गडद तपकिरी, दाट गर बरण्यांत भरायचा. एका माणसाच्यानं हे होत नाही. आजी दमली की नात उभी राहते, तिचा हात भरून आला की काका. दिवसभर माणसं एका भांड्याभोवती असली की गप्पा होणारच, आणि त्या घरच्याच बोलीत होतात. ‘आता जर्मन बोला’ असं कुणाला बजावावं लागत नाही.

वेल्सली गावात सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ऍपल बटर आणि चीजची जत्रा भरते. ती चुकवू नकोस. एरवी वाटेवरच्या शेतांतून भाजी, सफरचंदं, बरण्या घे. रविवारी मात्र जाऊ नकोस, त्या दिवशी ते काही विकत नाहीत. आणि त्यांचे फोटो काढू नकोस, मुलांनाही काढू देऊ नकोस. ती माणसं तुझी शेजारी आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हेत.

त्यांचं सगळंच घ्यावं असं मी म्हणणार नाही. जुन्या वळणाच्या घरांत मुलांचं शिक्षण साधारण आठवीला थांबतं, ते मला आजही पटत नाही. मोटारी चालवणारे, विद्यापीठात शिकवणारे मेनोनाइटही तुला भेटतील. पण भरल्या ताटावर बसताना उपाशी माणसाची आठवण ठेवणं, हे मात्र दोघांकडूनही शिकण्यासारखं आहे. दुष्काळानंतर १८९९ मध्ये त्यांची मंडळी आपल्या नागपूरच्या पलीकडे, तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या धमतरीला येऊन राहिली होती. १९७६ मध्ये त्यांच्यातल्याच डोरिस जॅन्झन लाँगएकर यांनी ‘मोर विथ लेस’ हे पाककृतींचं पुस्तक केलं, तेही जगात अन्न कमी पडतंय तर आपण कमी वापरावं, याच विचारातून. वॉटर्लूच्या वाचनालयात बघ, आणि त्यातले डाळींचे पदार्थ करून पाहा.

आता माझं मागणं. दिवाळी तिकडच्या पानगळीतच येते. यंदा फराळाचे डबे मागवू नकोस. एक शनिवार ठरव, दोन मराठी घरं आणि शेजारची एखादी कॅनेडियन बाई बोलाव. धाकटीला करंजीच्या कडा दुमडू दे, थोरल्याला चकलीचा सोऱ्या फिरवू दे. करंज्या फुटतील, चकल्या तुटतील, ओरडू नकोस. मुलं कुठल्या भाषेत बोलतात याकडे त्या दिवशी लक्षच देऊ नकोस. पुढच्या वर्षीही तोच शनिवार धर, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. फराळाचा पहिला डबा शेजारी जाऊ दे, उरेल ते आपलं.

भाजणीचं प्रमाण वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवते आहे. तांदूळ धुऊन सावलीत वाळव, म्हणजे चकली बिघडणार नाही.

तुझी,
आत्या