पाणथळीचे उपकार

समुद्रकाठच्या गावांना सागराच्या विशालतेचा मोठा आधार वाटतो. घराघरांतील सांडपाणी गटारांतून वाहत जाऊन एकदा समुद्रास मिळाले, की आपली जबाबदारी संपली, अशी त्यांची समजूत असते. परंतु ओहोटीने नेलेले भरती पुष्कळदा परत आणून टाकते. ज्या खाडीत मासे वाढतात आणि कालवे पोसली जातात, त्याच खाडीत मैला साचू लागला म्हणजे गावाचे आरोग्य व मच्छीमारांची उपजीविका ही दोन्ही एकदमच संकटात सापडतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, हंबोल्ट खाडीच्या तीरावर आर्केटा नावाचे एक छोटे नगर आहे. त्याची वस्ती सुमारे १८,००० आहे. ज्या सांडपाण्यामुळे जलाशयाचे हित होते असे सिद्ध करता येणार नाही, ते खाड्यांमध्ये सोडू नये, असे धोरण १९७४ मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने स्वीकारले. तेव्हा भोवतालच्या सर्व वस्त्यांसाठी मिळून एकच प्रचंड केंद्र उभारावे, नळ खाडीच्या तळाखालून न्यावेत व पाणी खुल्या समुद्रात सोडावे, अशी योजना पुढे आली. तिचा खर्च कोट्यवधी डॉलरांचा होता.

आर्केटाच्या नागरिकांस ही योजना पटेना. तेथील विद्यापीठातील जॉर्ज ॲलन व रॉबर्ट गिअरहार्ट या प्राध्यापकांनी निराळा मार्ग सुचविला. सांडपाणी व खाडीचे पाणी यांच्या मिश्रणात सामन माशांची पिले वाढू शकतात, हे ॲलन यांनी प्रयोगाने दाखविले होते. नगराच्या किनाऱ्यावर कचरा टाकण्याची जुनी जागा व लाकडाचे ओंडके साठविण्याची टाकून दिलेली तळी पडून होती. तेथे पाणथळ निर्माण करून शुद्धीकरणाचे काम निसर्गाकडूनच करून घ्यावे, असा त्यांचा विचार होता. अधिकाऱ्यांच्या मनात शंका होत्या. म्हणून १९७९ पासून लहान प्रमाणावर प्रयोग करण्यात आला. तो यशस्वी ठरला आणि १९८६ मध्ये संपूर्ण योजना कार्यान्वित झाली.

या योजनेत प्रथम जाळ्यांच्या साहाय्याने पाण्यातील चिंध्या व काड्या वेगळ्या करतात. मग संथ टाक्यांत जड गाळ तळाशी बसतो. तो निराळ्या बंद टाकीत कुजवितात. पाणी पुढे विस्तीर्ण, उथळ तळ्यांत जाते. तेथे सूर्यप्रकाशात वाढणारे शेवाळ प्राणवायू सोडते व त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव मैल्याचे विघटन करतात. तथापि शेवाळामुळे पाणी हिरवट व गढूळ राहते. येथून पाणथळीचे कार्य सुरू होते. लव्हाळे व पाणकणीस यांच्या दाट सावलीत शेवाळाला प्रकाश मिळत नाही. ते मरून तळाशी बसते. या वनस्पतींच्या देठांवर वसलेले सूक्ष्म जीव उरलीसुरली घाण खाऊन टाकतात. अखेरीस रोगजंतूंचा नाश करून ते पाणी खाडीत सोडतात.

एके काळची ती उकिरड्याची जागा आज ३०७ एकरांच्या अभयारण्याचा भाग आहे. तेथे ३०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. १९८७ मध्ये फोर्ड फाउंडेशनने या उपक्रमाचा पुरस्कार देऊन गौरव केला.

अर्थात ही पद्धत सर्वत्र चालेल असे नाही. तिला विस्तीर्ण जागा लागते, गाळ वेळोवेळी काढावा लागतो आणि पाण्याची नित्य तपासणी करावी लागते. निसर्ग मनुष्याचा मैला पोटात घालतो खरा. पण त्याला पुरेसा अवकाश व पुरेसा वेळ देण्याची तसदी मनुष्याने घ्यावयास हवी. आर्केटाच्या नागरिकांनी ती घेतली, म्हणूनच त्यांची खाडी त्यांना लाभली.

स्वाध्याय
१. आर्केटाच्या नागरिकांना मोठ्या केंद्राची योजना का पटली नसावी?
२. शेवाळ पाण्याच्या शुद्धीस साहाय्य कसे करते? पुढे तेच दूर का करावे लागते?
३. तुमच्या गावातील सांडपाणी कोठे जाते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.